बाबांच्या नळीतलं रक्त

"मॅडम, उद्या तुम्हालाच कॅन्सर झाला, तर तुमच्या मशीनला तो तुमच्या आधी कळेल का?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणींचा, हिमानी आणि मयुराचा होता. विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता. शाळेच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते आणि वारा फक्त स्टेजवरच्या पाहुण्यांना लागत होता. भाषण आष्टणकर मॅडमचं, लिव्हरच्या कॅन्सरवर. अर्धी नववी डुलक्या काढत होती. मयुरा माझ्या कानात म्हणाली, "विचारून दाखव. नाही विचारलं तर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या पाठीवर."

गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज इतका बारीक निघायचा, की बाई मला गैरहजर मांडायच्या. पण जानेवारीत वक्तृत्व स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला आणि तेव्हापासून मला आवाज फुटला तो फुटलाच. मी उभी राहिले आणि विचारून टाकलं. हॉल हसला. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की दप्तरं उचलली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

आष्टणकर मॅडम मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या संशोधन करतात. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पाण्याची बाटली तोंडाला लावून त्यांनी थोडा वेळ काढला.

"कळेल," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी मी रक्त द्यायला हवं, आणि मी अजून दिलेलं नाही. वेळ मिळत नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे भीती वाटते."

मग त्या मला एकटीलाच सांगत असल्यासारख्या बोलायला लागल्या. आपल्या प्रत्येक पेशीत सगळी जीन्स असतात, जशी घराच्या एकाच बोर्डावर सगळ्या खोल्यांची बटणं असतात. डोळ्याच्या पेशीत वेगळी बटणं चालू, लिव्हरच्या पेशीत वेगळी. लिव्हर बिघडायला लागलं की काही बटणं भलत्या वेळी चालू होतात, काही बंद पडतात, आणि हे गाठ दुखायच्या पुष्कळ आधी होतं. कोणतं बटण चालू आहे आणि कोणतं बंद, हे रक्तातून वाचायचा त्या प्रयत्न करत होत्या. "प्रयत्न," त्या पुन्हा म्हणाल्या. "आमचं मशीन फक्त शंका घेतं. नक्की काय ते सोनोग्राफी आणि सीटी सांगतात. तुमच्या घरी कोणाला हिपॅटायटिस बी असेल, तर आमच्याकडे या. हा कॅन्सर बरेचदा तिथूनच सुरू होतो."

हिमानी मागून म्हणाली, "जीत गई बे तू!" पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. आमच्या घरी हिपॅटायटिस बी होता. बाबांना.

*

बाबांना सगळे भैयाजी म्हणतात. नंदनवन वस्तीत आमची मिरची-मसाल्याची चक्की आहे. खाली चक्की, वर आम्ही. काही वर्षांपूर्वी गणपती मंडळाच्या शिबिरात बाबांनी रक्तदान केलं, आणि नंतर ब्लड बँकेने बोलावून सांगितलं की तुमचं रक्त चालणार नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी करा, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा एकदा गेले. नंतर त्या रोगाचं नावही घरात कोणी काढलं नाही. नातेवाइकांना माहीत नाही, शेजारी माहीत नाही. "ज्याच्या हातून लोकाईच्या घरचं तिखट दळून जाते, त्याले असा रोग हाय म्हटल्यावर कोण येईन बाप्पा?" असं बाबांचं म्हणणं. खाण्यातून तो पसरत नाही हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाले वाचून दाखवजो."

मार्चमध्ये तर आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. भिवापूरची मिरची पोत्यांनी येते, आणि वर्षाचं तिखट करून घ्यायला बायका डबे घेऊन रांग लावतात. मी शाळेतून आले तेव्हा मशीन धडधडत होतं, बाबा वरून मिरची टाकत होते आणि मम्मी तोंडाला दुपट्टा बांधून चाळत होती. मी मशीनच्याही वर आवाज काढला.

"बाबा! एक नळी रक्त पाहिजे!"

"कोणाले?"

"विज्ञानाले!"

"विज्ञानाले म्हण, सीझन संपल्यावर येजो."

रांगेतल्या बायका हसल्या. मी बोर्डाजवळ जाऊन मशीनच बंद करून टाकलं. एवढी शांतता झाली की बाबा शिंकले ते कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"कोणतं रक्त अन् काहून, ते इथंच सांगू का बाबा? सगळ्याईसमोर?"

बाबांचा चेहरा मिरचीसारखाच झाला. मला हाताला धरून त्यांनी जिन्यात नेलं. "लाज नाई वाटत तुले?"

"वाटत होती. आता नाई वाटत."

"घरी येतेत का ते लोकं?"

"येते. सकाळी. मॅडमच्या लॅबची सिंधूताई सिस्टर हाय, मी विचारून आली. उपाशीपोटी द्यावं लागते."

"मंग येऊ दे रविवारी. पण गिऱ्हाइक यायच्या आधी. अन् तुह्या मायले डोकं नको लावू, ते आधीच थकून राहिली."

मम्मी खरंच पोत्यावर बसून गेली होती. चाळणी तिच्या मांडीवर तशीच होती. "हात चालूनच नाई राहिले वं," ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. सीझनमध्ये आमच्या घरी थकणं हे कामातच धरलेलं असतं. त्याची चौकशी कोणी करत नाही.

रविवारी सकाळी मी गणिताच्या ट्यूशनला गेले. परत आले तर बाबा खुर्चीत पाय लांब करून चहात टोस्ट बुडवत होते.

"आली होती ना सिंधूताई? दिलं ना रक्त?"

"दिलं बावा, दिलं तुह्या विज्ञानाले. खुश?"

मी त्यांच्या गळ्यात पडले. मम्मी आतल्या पलंगावर आडवी पडली होती, डोळ्यांवर हात ठेवून. मी तिच्याजवळ बसून तासभर बोलत राहिले असेन, बाबा किती धीट, मी किती हुशार, पुढे मी पण अशीच लॅब काढणार. ती हूं हूं करत होती.

*

एप्रिलमध्ये मॅडमचा फोन आला. आधी त्यांनी विचारलं, मोठं कोणी आहे का जवळ. मी म्हटलं, मला सांगा. त्या थांबल्या, मग म्हणाल्या की मोठ्यांशीच बोलायला हवं. मी फोन बाबांना दिला. बाबा "हाव... हाव... बरं" एवढंच बोलले.

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला ते कसंसंच वाटलं.

"तुह्या मॅडमचं मशीन म्हणते, माह्या रक्तात काही बटणं चुकीचे चालू हायेत. लिव्हरवर शंका हाय म्हणते."

मम्मीच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. करपल्याचा वास आम्हा तिघांनाही आला, पण गॅस कोणी बंद केला नाही. शेवटी मीच केला.

"जाऊन येऊ," बाबा म्हणाले. "पोरीचं समाधान."

मी मात्र त्या रात्रीपासून बाबांची प्रत्येक हालचाल बघायला लागले. ते किती जेवले, डोळे पिवळे दिसतात का, कुशीला हात का लावला. वर्गात मी बोलेनाशी झाले. बाईंनी हजेरी घेतली तेव्हा पुन्हा तो जुना बारीक आवाज निघाला.

धंतोलीला आम्ही तिघंही गेलो. मम्मीला नाही म्हटलं तरी ती आली. तिथल्या गल्ल्यांमध्ये एक दवाखाना संपत नाही तर दुसरा सुरू होतो, आणि प्रत्येकाच्या पायऱ्यांवर माणसं. कोणी गोंदियाहून आलेलं, कोणी यवतमाळहून, कोणाच्या मांडीवर एक्स-रेची पिशवी, कोणाच्या डबा. एक म्हातारे आजोबा चप्पल उशाला घेऊन फुटपाथवरच झोपले होते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की पुकारा झाला तर उठू, नाही तर इथंच बरे आहोत. दुपारपर्यंत आमच्याही चेहऱ्यावर तो आला असणार. बाबा सोडून. बाबा शेजारच्या माणसाशी मिरचीच्या भावावर गप्पा मारत होते.

सोनोग्राफी झाली. रक्ताच्या तपासण्याही झाल्या, संध्याकाळी थांबून रिपोर्ट घेतले. सगळं ठीक. लिव्हरला थोडी चरबी, बाकी काही नाही. दर सहा महिन्यांनी येत जा, डॉक्टर म्हणाले.

"पाहाय," बाहेर येताच बाबांनी मला चापट मारली. "तुह्या मॅडमचं मशीन तिखट कांडायच्याही कामाचं नाई." त्यांनी उसाचा रस घेतला, मला दिला, मम्मीला दिला. मम्मीने ग्लास तोंडाशी नेला आणि परत ठेवला. मळमळून राहिलं म्हणाली. उन्हानं होते तसं, बाबा म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या खाली राग होता. हिमानीला सांगितलं तर ती म्हणाली, "वा रे डॉक्टरीण! अच्छे-भले बाप को बीमार कर दिया!" मयुरा पोट धरून हसली. घरी येऊन मी मॅडमना रागाने मेसेज केला. तुमचं मशीन चुकलं, माझे बाबा चांगले आहेत, आणि तुमच्यामुळे मी कितीतरी दिवस झोपले नाही.

वाटलं होतं, त्या मला समजावतील. त्यांनी एवढंच लिहिलं: "हो, काहीतरी चुकलंय. काय ते शोधते."

*

त्यांनी बोलावलं तेव्हा तिघांनाही बोलावलं. "आईला नक्की आण," असं त्या दोनदा म्हणाल्या. बाबा येताना कुरकुरत होते, दोन पोती मिरची उन्हात पडली होती.

मॅडमच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि टेबलावर चहाचे तीन रिकामे कप होते. त्यांनी आम्हाला बसवलं.

"आधी मला वाटलं, आमच्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली," त्या म्हणाल्या. "म्हणून त्या आठवड्यातल्या सगळ्या नळ्या आम्ही पुन्हा तपासल्या. अदलाबदल झालेली नाही. मग मी तुमच्या नळीत वेगळं काहीतरी पाहिलं. बाईच्या पेशीत एक जीन चालू असतं, पुरुषाच्या पेशीत ते बंद असतं. पुरुषांची काही जीन्स असतात, ती बाईत नसतातच. भैयाजी, तुमच्या नंबरच्या नळीत बाईचं जीन चालू आहे, आणि पुरुषाचं एकही नाही. ते रक्त बाईचं आहे."

बाबा जोरात हसले. "पाहा! म्हंजे घोळ तुमच्याकडंच झाला. कारण मॅडम, खरं सांगतो आता, पोरीसमोर सांगाव लागते, मी रक्त दिलंच नाई! मी त्या दिवशी मिरचीची गाडी आली असं सांगून कळमन्याच्या मंडीत गेलो होतो. गाडी गिडी काही नव्हती. सोनूच्या मायनं त्या सिस्टरबाईले परत पाठवलं, अन् सोनूले सांगा म्हणे का दिलं."

मी बाबांकडे बघतच राहिले. पण मॅडम बाबांकडे बघत नव्हत्या. त्या मम्मीकडे बघत होत्या.

मम्मीने पदराने कपाळ पुसलं.

"परत नाई पाठवलं," ती म्हणाली.

"काय?" बाबा म्हणाले.

"ते बाई सकाळी सकाळी वर्धा रोडहून आली होती. स्कुटीवर, थंडा डबा घेऊन. चहा घे म्हटलं तं कामावर असताना घेत नाई म्हणे. दारात आलेल्या बाईले रिकाम्या हातानं कसं पाठवाव? अन् सोनू किती खुश होती. बाईनं विचारलं, लांजेवार तुम्हीच का, मी म्हटलं हाव. तिच्याजवळच्या चिठ्ठीवर नंबर होता अन् आडनाव. नाव झाकून ठेवतेत म्हणे. मी हात पुढं केला. मले वाटलं, नवरा-बायको एका घरात राहतेत, एकच खातेत, काय फरक पडन?"

बाबांचं हसू अजून तोंडावर होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं.

"पुष्पा," ते म्हणाले, "फोन आला तेव्हा काहून नाई बोलली?"

"बोलणार होती. मंग तुमचं सगळं चांगलं निघालं. तुम्ही म्हटलं, मशीन कामाचंच नाई. मले बरं वाटलं ऐकून." तिने पदर सारखा केला. "अन् सीझन होता ना जी."

कूलरचं पाणी संपलं होतं बहुतेक, नुसता गरम वारा येत होता. मॅडम उठून मम्मीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"ताई, तुमची हिपॅटायटिसची तपासणी कधी झाली होती?"

"यांचं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणे, घरच्याईची करा. तेव्हा बी सीझन होता."

"थकवा येतो?"

मम्मीने या प्रश्नावर पहिल्यांदा मान वर केली. हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, असं मला वाटलं. मी तर नव्हताच विचारला.

"येते," ती म्हणाली. "लय येते."

*

मग पुन्हा धंतोली, पुन्हा पायऱ्या, पुन्हा पुकारे. या वेळी बाबा कोणाशी बोलले नाहीत. मम्मीला हिपॅटायटिस बी निघाला. कोणाकडून कोणाला आला हे आता सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, कदाचित तुम्हाला लहानपणापासूनच असेल. लिव्हर बरंच कडक झालं होतं. सीटीमध्ये एक गाठ दिसली, बोराएवढी.

"लहान आहे," डॉक्टर म्हणाले. "सुईने जाळता येईल अशी आहे. फार लवकर सापडली."

लवकर हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वापरला. परत येताना ऑटोत मम्मी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिच्या केसांना तिखटाचा वास होता. मी एवढे दिवस बाबांचे डोळे पिवळे आहेत का बघत होते. मम्मीचे डोळे मी त्या ऑटोत पाहिले, आणि तेही मिटलेले.

आष्टणकर मॅडमना मी फोन करून सांगितलं. त्यांनी सुस्कारा टाकला. मला वाटलं होतं त्या खुश होतील, त्यांचं मशीन बरोबर निघालं. "एका नळीवरून काही सिद्ध होत नाही गं," त्या म्हणाल्या. "अजून शेकडो लागतील. पण आईची गाठ सापडली, हे बरं झालं." मग म्हणाल्या, "मीही परवा रक्त दिलं. तुझ्या प्रश्नानं मला फार दिवस छळलं." मग त्यांनी मला विचारलं, तुझी तपासणी झाली आहे का. हा आजार जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जाऊ शकतो. लस लहानपणी घेतली होती का?

मी मम्मीला विचारलं. तिला आठवेना. "अंगणवाडीतल्या बाई टोचत होत्या, काय काय टोचलं ते कोणाले ठाऊक."

गाठीला सुई लावायच्या आदल्या संध्याकाळी चक्की बंद होती. भर सीझनमध्ये बंद. बायका डबे घेऊन येत होत्या आणि शटर वाजवत होत्या. बाबा खिडकीतून सांगत होते, "मशीन बिघडलं, मशीन बिघडलं, दोन-चार दिवसांनी या." वर येऊन ते मम्मीच्या पायाशी बसले. तिचे पाय त्यांनी मांडीवर घेतले आणि दाबायला लागले. हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मम्मीही लाजून पाय ओढत होती.

मी मॅडमचं बोलणं सांगितलं.

"तुह्यं कायले?" बाबा एकदम म्हणाले. "तुले काय झालं? घोड्यासारखी धावून राहिली."

"मम्मीलेही काही झालं नव्हतं."

"दहावी होऊ दे आधी," मम्मी म्हणाली. "यंदा डोक्याले ताप नको."

"अन् निघालं तं?" बाबांचा आवाज खाली आला. "पोरीची जात हाय तू. उद्या कोण्या घरी सांगाव लागन. एकदा का कागदावर आलं, तं ते जात नाई. मी एवढे वर्षं लपवून ठेवलं, ते काय हौस म्हून?"

खाली पुन्हा शटर वाजलं. बाबा उठायला लागले, पण दमल्यासारखे परत बसले. "तू सांग वं सोनू त्याईले," ते म्हणाले. "मी थकलो आता."

मी खिडकीत गेले. खाली ओळखीच्याच एक काकू डोक्यावर डबा घेऊन उभ्या होत्या. "काहून वं बंद?" त्यांनी विचारलं.

"मम्मी बिमार हाय काकू. उद्या तिच्यावर उपचार हाय. पुढच्या आठवड्यात या."

"अगं माय! काय झालं?"

"लिव्हरचं हाय. लवकर सापडलं म्हणते डॉक्टर."

काकू डबा खाली ठेवून काहीतरी विचारणार होत्या, पण मी "मंग सांगतो" म्हटलं आणि खिडकी लोटली. आवाज नीट निघाला होता.

मम्मी रडत नव्हती, नुसती बघत होती. बाबांनी तिचे पाय मांडीवर तसेच धरून ठेवले होते. मी त्यांच्या समोर खाली बसले.

"बाबा, मम्मी, ऐका," मी म्हटलं. "उद्या दवाखान्यात तुमच्यासोबत मी येऊन राहिली, अन् मम्मी आत गेली का मी तिथंच माह्यं रक्त देऊन राहिली. सिंधूताईंशी बोलणं झालं माह्यं. काय निघन ते निघन. तुम्ही दोघं फक्त बाजूले बसा."